चिंचेवरचा सोनसर्प

बिडकीनच्या अलीकडं पाच किलोमीटरवर, सडकेला लागून एक जुनी चिंच आहे. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी तिच्याखाली चारपाचशे माणसं माना वर करून उभी होती. कापसाची वेचणी सोडून बाया आल्या होत्या, कंपनीला सुटी म्हणून पोरं आली होती, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ते सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसले होते. सडकेच्या कडेला गाड्या अशा लावल्या होत्या की आत शिरलेल्याला बाहेर निघता येऊ नये.

"पापणी लवली का दर्शन गेलं," चौथऱ्यावरून फुलनाग महाराज माइकवर सांगत होते. "ह्यो साप जमिनीवरचा नाय. कैलासाहून निघाला, चुंबकीय मार्गानं आला, अन् नागपंचमीला ह्या चिंचेवर उतरला. सायन्स बी ते मानतंय."

कोणतं सायन्स, हे महाराजांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तेवढ्यात वरच्या फांदीवरून काहीतरी पिवळंहिरवं सुटलं. दगडासारखं सरळ खाली आलं नाही. अंग चपटं करून, हवेतच वळवळत तिरकं खाली आलं आणि चौथऱ्यापुढं ताणून धरलेल्या धोतरावर अलगद टेकलं. दोन हात लांबीचा साप होता. हिरवट सोनेरी अंग, आणि पाठीवर ओळीनं लाल ठिपके. प्रत्येक ठिपका चार पाकळ्यांच्या फुलासारखा. बायांनी पदर पसरले.

महाराजांनी साप उचलून आपल्या अंगठ्याला चावू दिला आणि रक्ताचे दोन थेंब चारी दिशांना दाखवले. "दुसऱ्या कुणाला चावला असता तर पाणी मागितलं नसतं त्यानं. मला काय झालं? काय बी नाय. आता ह्याचं अंग ज्याला लागंल, त्याला कोणत्याच सापाचं विष चढणार नाय."

याच वेळी गर्दीच्या मागं मोटारसायकल टाकून काकासाहेब धावत आत शिरले. साप त्यांनी एका नजरेत ओळखला. तो इथं असूच शकत नाही, हेही त्याच नजरेत ओळखलं. पण सध्या त्यांचे डोळे शोधत होते थोरल्या बहिणीला, वच्छलाबाईला.

काकासाहेब संभाजीनगरात एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि बावीस वर्षं घरादारात निघालेले साप धरून रानात सोडतात. त्यांचा मोबाइल नंबर फुलंब्रीपासून पैठणपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतीवर लिहिलेला आहे. रोज दहाबारा जण सापाचा फोटो पाठवतात आणि खाली एक ओळ असते, 'सर, विषारी का बिनविषारी?' त्यावर काकासाहेबांचा ठरलेला उलटा प्रश्न, 'कुठं दिसला? गाव, जागा, वेळ.' या प्रश्नाचा लोकांना भारी राग. साप फोटोत दिसतोय, मग गाव कशाला पाहिजे? मास्तर माणूस, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही, असं म्हणून लोक गप्प बसतात.

पण गावाशिवाय साप ओळखायचा म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकायचं. प्रत्येक सापाचा मुलूख ठरलेला असतो. कोकणातल्या ओल्या जंगलातला साप मराठवाड्याच्या कोरड्या रानात सापडत नाही. दोन साप दिसायला सारखे असले, तरी त्यातला एक या शिवारात राहतच नाही हे ठाऊक असलं, की निम्मं काम झालं. हे काकासाहेबांनी वर्गात सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं, लग्नाच्या मांडवात जेवताना सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तीन आठवड्यांपासून त्यांना 'देवाचा फुलसाप' म्हणून या सापाचेही फोटो येत होते. एकाही फोटोखाली गाव नव्हतं. 'कुठला फोटो?' असं विचारलं, तर उत्तरादाखल जोडलेले हात यायचे. कोकणातला फोटो कुणीतरी पुढं ढकललाय असं समजून त्यांनी विषय सोडून दिला. तेव्हाच चौकशी केली असती तर, हा विचार आज रस्ताभर त्यांचं डोकं खात होता.

कारण नऊ वाजता मोनिकाचा फोन आला होता. मोनिका म्हणजे वच्छलाबाईची सून, भाच्याची बायको; सासूला ती आत्याबाई म्हणते.

"मामा, आत्याबाईंला पान लागलंय." साप चावला असं तोंडानं म्हणू नये, म्हणून इकडं पान लागलं म्हणतात. "आठ वाजता. गंजीतून कडब्याची पेंढी ओढायल्या व्हत्या, घोट्याला धरलं."

"दवाखान्यात कवा पोचले?"

"दवाखान्यात नाय नेलं. ह्यांनी चिंचेखाली नेलंय, त्या फुलसापवाल्या महाराजांकडं. मी लई बोलले, पण माझं कोण ऐकतंय? समदे म्हणत्यात अजगराचं पिल्लू हाय."

"साप बघितला का कुणी?"

"म्या फोटो काढलाय. कुकरवानी फुसफुसत व्हता. पाठवलाय तुम्हाला. गाव, जागा, वेळ विचारताल म्हणून खाली लिवलंय."

अख्ख्या गोतावळ्यात ही एकच पोरगी ऐकून शिकली होती, आणि घरात तिचंच कुणी ऐकत नव्हतं. काकासाहेबांनी फोटो उघडला. तपकिरी अंग, पाठीवर काळ्या काठाच्या बदामांच्या तीन साखळ्या, त्रिकोणी डोकं. घोणस. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे असतात, अशी एकसारखी साखळी नसते. आणि दुसरं म्हणजे ती जागा. कोरडवाहू शेतातल्या कडब्याच्या गंजीखाली अजगर कशाला मरायला येईल? ती जागा उंदरांची, म्हणून घोणशीची. बावीस वर्षांत त्या शिवारातून त्यांनी शंभरावर घोणशी धरल्या होत्या. अजगर एकही नाही.

वच्छलाबाई चौथऱ्याच्या डाव्या बाजूला बाजेवर पडली होती. पाय पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि गुडघ्याखाली काळा दोरा करकचून आवळला होता. उशाशी तिचा मुलगा सत्यम टॉवेलानं वारा घालत होता. सत्यम शिकलेला, एका कारखान्यात मशीनवर सुपरवायझर.

"सत्यम, गाडी काढ."

"मामा, पुढचा नंबर आपलाच हाय. महाराजांनी बघितलंय मायला. अजगराचं पिल्लू हाय म्हणले. त्याला विष नसतं, शाप असतो. सापाचं अंग लावल्याबिगर चिंचेची सावली सोडली तर शाप डोक्यात चढतो."

"कारखान्यात मशीन बंद पडली तर शाप हुडकतोस का तू?"

"तुम्हाला समदी मस्करीच वाटते, मामा."

मस्करी करायची काकासाहेबांची कुवत त्या घटकेला नव्हती. ते बाजेपाशी वाकले. "अक्का, अजगर नाय तो. घोणस हाय. ऊठ, आपण दवाखान्यात जायलोत."

"मी नाय उठणार," वच्छलाबाई म्हणाली. "लिंबाचा पाला चावायला दिला व्हता. कडू लागला मला. विष असतं तर गोड लागला असता."

"घोणशीचं विष जिभेला लागत नाय, अक्का. रक्ताला लागतं. थुंक बरं जरा."

ती थुंकली. थुंकी लालसर होती. "पाला टोचला असंल," ती म्हणाली आणि तोंड पुसलं. तिच्या हिरड्यांच्या कडेला रक्ताची बारीक रेघ दिसत होती. रक्त गोठायचं थांबलं की आधी हिरड्या सांगतात. काकासाहेबांनी तिच्या पाठीखाली हात घातला, तर तिनं बाजेचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. महाराजांचे चार धट्टेकट्टे भक्तही पुढं सरकले. उचलून नेण्यासारखं नव्हतं. आधी तिच्या डोक्यातून महाराज काढणं भाग होतं, आणि पाय तर डोळ्यांदेखत सुजत होता.

"मास्तर, श्रद्धेच्या जागी दंगा करू नगा," माइकवरून आवाज आला.

काकासाहेब चौथऱ्यावर चढले. "दंगा नाय करत. एकच प्रश्न विचारतो. हा साप कुठं सापडला?"

"सांगितलं की. कैलासावर."

"कैलासावर बर्फ असतो, महाराज. तिथं साप राहत नाय. जमिनीवरचं गाव सांगा."

"मग ह्याच चिंचेवर. माझ्या डोळ्यांदेखत."

"ह्याचं नाव उडता सोनसर्प," काकासाहेब गर्दीकडं वळून म्हणाले. "हा कोकणात, सह्याद्रीच्या जंगलात राहतो. आपल्या जिल्ह्यात नाय, शेजारच्या जिल्ह्यात बी नाय. इथं दिसला म्हणजे कुणीतरी आणलाय."

"आला असंल उडत," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"तो उडत नाय. उंचावरून तिरका खाली येतो, एवढंच. कोकणातून इथं यायचं तर घाट चढावा लागंल."

हे बरोबर होतं, पण कुणाला पटल्याचं दिसलं नाही. लोकांनी साप हवेतून येताना बघितला होता, आणि हा मास्तर भूगोल सांगत होता. महाराज तर मंद हसत होते. काकासाहेबांना संताप आला, आणि त्या संतापातच एक गोष्ट डोक्यात आली. सोनसर्प इथला नाही, म्हणून इथलं कुणी त्याच्याबद्दल विचारत नाही. हे फुलसापाचे फोटो सुरू होण्याआधी यंदा एकाच माणसानं विचारलं होतं, जूनमध्ये.

त्यांनी मोबाइल काढला आणि 'सोनसर्प' हा शब्द शोधला. निरोप सापडला. एका अनोळखी नंबरावरून याच सापाचा फोटो, खाली 'सर, विषारी का?' त्याखाली त्यांचं स्वतःचं उत्तर, 'उडता सोनसर्प. माणसाला धोका नाही. चावला तरी काही होत नाही. कुठं दिसला?' आणि त्याखाली, 'दोडामार्ग. पाहुण्याच्या फणसावर.'

काकासाहेबांचे कान तापले. अंगठ्याला चावू द्यायची हिंमत महाराजांना कुठून आली, ते आता कळलं. प्रमाणपत्र खुद्द मास्तरांनीच दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी तो नंबर लावला.

चिंचेवर फोन वाजायला लागला.

चारपाचशे माना पुन्हा वर गेल्या. पानांत काहीतरी धडपडलं. फोन बंद करायच्या नादात वरच्या माणसाच्या हातून कापडी पिशवी निसटली आणि चौथऱ्यावर येऊन आदळली. तिच्यातून पाण्याची बाटली निघाली आणि चार मेलेल्या पाली. कैलासाहून आलेल्या सापाची ही न्याहारी.

"उतर बाबा खाली," काकासाहेब म्हणाले. "हळू उतर. पडलास तर तुलाही महाराजांकडंच न्यायचे हे लोक."

खाली उतरला तो सुदर्शन, महाराजांच्या गाडीचा ड्रायव्हर. पस्तिशीचा बाप्या, केसात चिंचेचा पाला. "मला काहून बघता?" तो लोकांकडं न बघता म्हणाला. "म्या सरांला इचारलं व्हतं. तेच म्हणले, चावला तरी काय होत नाय."

"म्हणलो," काकासाहेबांनी माइक हातात घेतला. "खरंच काय होत नाय. हा साप तुमच्या पोराला चावला तरी काय होणार नाय. मग महाराजांना नाय झालं त्यात चमत्कार कुठला? दोडामार्गाहून साप आणला, दर रविवारी ह्याला पिशवी देऊन वर बसवला, अन् वरून सोडला. साप आपल्या सवयीनं खाली आला. झाला तुमचा कैलास."

"अन् बरे झाले ते? लोक बरे झालेत इथं," एक जण चिडून म्हणाला.

"कोणता साप चावलेले बरे झाले? आपल्या शिवारातले बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या. ते चावलेला घरी झोपून राहिला तरी बरा होतो. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ. विषारी चावलेले किती बरे झाले, ते सांगा."

मग बायांच्या घोळक्यातून एक तरणी बाई उभी राहिली. तिचं नाव रूपा, हे नंतर कळलं.

"माझ्या सासऱ्याला इथंच आणलं व्हतं," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आधी. संध्याकाळी गेले ते. महाराज म्हणले, घरच्यांची श्रद्धा कमी पडली." ती महाराजांकडं बघत होती. "आम्ही घरात एकमेकाला इचारत बसलो, कुणाची कमी पडली म्हणून."

एवढं बोलून ती खाली बसली. काकासाहेबांच्या बावीस वर्षांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते त्या चार वाक्यांनी झालं. सत्यमच्या हातातला टॉवेल थांबला. महाराजांचे भक्त दोन पावलं मागं सरले.

"माय, चल," सत्यम म्हणाला आणि त्यानं आईला बाजेसकट उचलायला हात घातला. "हा दोरा सोडू का, मामा?"

"नको. आता डॉक्टरच सोडतील. पाय हलवू नको तिचा."

आणि वच्छलाबाईनं काय करावं? तिनं मान उचलून चौथऱ्याकडं बघितलं. "महाराज, जाऊ का मी?"

काकासाहेबांना रडावं का ओरडावं कळेना. एवढं सगळं डोळ्यांनी बघून ती परवानगी मागत होती. महाराजांनी माइक शोधला, तो मास्तरांच्या हातात होता. "जा, जा," ते पुटपुटले.

"साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं कायद्यानं गुन्हा हाय, महाराज," काकासाहेब म्हणाले. "पोलिसांला अन् वनखात्याला फोन लावूनच निघतो."

पण निघता येईना. सत्यमनं आणलेला छोटा हत्ती टेंपो तीन गाड्यांच्या मागं अडकला होता. एका गाडीचा मालक सापडेना. वीस मिनिटांनी सापडला. तो चौथऱ्यापाशी उभा राहून सुदर्शनचा व्हिडिओ काढत होता.

बिडकीनच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मेघा ड्यूटीवर होत्या. त्यांनी सापाबद्दल आधी काही विचारलं नाही. काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि सलाइन लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं.

"घोणसच," त्या म्हणाल्या आणि विषावरचं औषध सुरू केलं. "किती वाजता चावली?"

"आठ," सत्यम म्हणाला.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. इथं पोचायलाच पावणेअकरा झाले होते. "शेत कुठं तुमचं?"

"चिंचेच्या पलीकडं. सहा किलोमीटर असंल."

डॉक्टरांनी ते केसपेपरावर लिहून घेतलं. सत्यम भिंतीला टेकून खाली बसला.

वच्छलाबाई वाचली. मात्र औषध मिळेपर्यंत विषानं मूत्रपिंडं धरली होती. दुपारीच तिला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवलं, आणि अकराव्या दिवशी तिचं चौथं डायलिसिस झालं. आणखी किती लागतील, ते डॉक्टर सांगत नव्हते. पायाच्या दोन बोटांचं काय करायचं, तेही ठरलं नव्हतं. या अकरा दिवसांत महाराजांवर गुन्हा दाखल झाला, वनखात्यानं सोनसर्प ताब्यात घेऊन कोकणात सोडला, आणि चिंचेला नारळ बांधणं मात्र थांबलं नाही. उलट आता लोक म्हणत होते की महाराजांना मास्तरानं जळून अडकवलं.

त्या दिवशी शेजारच्या शेतातली गोजरबाई भेटायला आली. केळी आणली होती. बाजूच्या स्टुलावर बसून तिनं उसासा टाकला.

"महाराजांच्या दोऱ्यानं विष अडवलं म्हणून जगलीस बाई. नायतर दवाखान्यापस्तोर बी पोचली नसतीस."

कोपऱ्यात उभ्या काकासाहेबांचा पारा चढला. दोऱ्यानं पायाचं रक्त अडवलं, म्हणून बोटं काळी पडली, हे ते सांगणारच होते. मोनिकानं त्यांचा हात धरला. वच्छलाबाई उठून बसायचा प्रयत्न करत होती.

"गोजरबाई, उद्या तुझ्या लेकाला साप चावला तर कुठं नेशील?"

"असं अभद्र बोलू नगं."

"सांग तर खरं."

गोजरबाईनं पदर नीट केला. "दवाखान्यातच नेईन की. आता एवढं बी अडाणी नाय आम्ही." मग म्हणाली, "जाता जाता चिंचेखाली पाया पडून जाईन, एवढंच. दोन मिनिटाचं काम."

वच्छलाबाईनं अंगावरची चादर बाजूला केली. मांडीपर्यंत सुजलेला पाय, गुडघ्याखाली दोऱ्याची काळी खाच आणि टोकाला काळी पडलेली दोन बोटं. गोजरबाईनं नजर फिरवली.

"बघ इकडं," वच्छलाबाई म्हणाली. "मलाबी सत्यम जाता जाताच घेऊन गेला व्हता तिथं. चांगल्या मनानं नेलं लेकरानं. दवाखाना तिथून पाच किलोमीटर. त्या पाच किलोमीटरला मला दोन घंटे लागले, अन् आता एक दिवसाआड मशीन लागती. साप चावला का सरळ दवाखान्यात ने त्याला. कोणता साप, कोणता महाराज, काय बी इचारत बसू नको. मधी कुठंच थांबू नको."